‘थेरपी सुरू केली आणि जास्तच बिघडलं’

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांचा सूर बदललाय. पूर्वी लोक विचारायचे, ‘समुपदेशकाकडे जाऊ का?’ आता बरेच जण जाऊ लागलेत आणि मध्यावर पोचून लिहितायत. आठ, दहा, बारा सेशन्सची ठरावीक मुदतीची थेरपी चालू असते आणि मन काही एका जागी ठरत नाही. एका आठवड्यात मोकळं वाटतं, पुढच्या आठवड्यात पार कोसळायला होतं. त्यातली तीन पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. नावं वगळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण न छापलेल्या पुष्कळ पत्रांतला प्रश्न तोच आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझं वय ४३, सांगलीत राहते, बँकेत नोकरी. गेल्या वर्षी आषाढात माझे वडील गेले. बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. ‘जरा येऊन जातेस का?’ म्हणाले. जूनअखेरच्या क्लोजिंगची गडबड होती. मी म्हटलं, ‘रविवारी येते, अण्णा.’ शुक्रवारी पहाटे ते गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं म्हणे, पण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दहावं-तेरावं, मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनचे कागद, आईचं खातं, सगळं मी केलं. भाऊ पुण्याहून आला आणि तेरावं झाल्यावर परत गेला. मी रडले नाही. सगळे म्हणायचे, ‘केवढी खंबीर आहे पोरगी!’

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. एक आजोबा कापडी पिशवीतून पासबुक काढत म्हणाले, ‘बाळ, सही कुठं करू?’ आणि माझा श्वासच अडकला. वॉशरूममध्ये जाऊन बसले. मग असं वरचेवर व्हायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी समुपदेशकांकडे पाठवलं. दर गुरुवारी एक अशी बारा सेशन्स ठरली आहेत, त्यातली पाच झाली.

सुरुवातीला बरं वाटलं. आता मात्र मी कुठेही रडते, स्कूटरच्या पार्किंगमध्येसुद्धा. भावाचा फोन आला की अंगाचा तिळपापड होतो. अण्णांचाही राग येतो, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. सेशनमध्ये त्यांच्याबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी असतं आणि मी हसत असते. त्या मॅडम नुसतं ऐकतात. यात तुमची काही चूक नाही असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मिस्टर म्हणतात, ‘याच्यापेक्षा आधी बरी होतीस.’ मागच्या रविवारी लेकीला सांगत होते, अण्णा मला सायकलवर शाळेत सोडायचे त्याबद्दल, तेव्हाही रडू आलं. तशीच सांगत राहिले, मग चहा टाकला. मॅडम, माझं बिघडत चाललंय का? थेरपी थांबवू का?

उत्तर : थांबवू नका. येत्या गुरुवारी हे पत्र बरोबर न्या आणि त्यांना वाचून दाखवा. ‘त्या मॅडम नुसतं ऐकतात’ हे वाक्य गाळू नका.

आधी ‘खंबीर’ या शब्दाचं प्रमाणपत्र बाजूला ठेवू या. १९४२ साली २८ नोव्हेंबरच्या रात्री बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. त्या आगीतून वाचलेल्या आणि आपली माणसं गमावलेल्या लोकांना एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं. १९४४ साली त्यांनी शोकाविषयी जो लेख लिहिला, तो आजही आम्हाला शिकताना वाचावा लागतो. त्यात त्यांनी नोंदवून ठेवलंय की, माणूस जातो त्याच वेळी जिच्यावर मोठी कामं येऊन पडतात, इतरांना धीर द्यायची जबाबदारी येते, अशा व्यक्तीला कित्येक आठवडे, कधी त्याहून जास्त काळ काहीच होत नाही असं वाटतं. दुःख पुढे ढकललं जातं. आषाढातलं तुमचं दुःख नोव्हेंबरात काउंटरवर आलं, ते असं. साध्या, न गुंतलेल्या शोकात चार ते सहा आठवड्यांत आठ-दहा भेटी सहसा पुरतात, असंही लिंडेमन यांनी लिहिलंय. थोडक्या मुदतीच्या थेरपीला एवढा जुना आधार आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्डी होरोविट्झ या मनोविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आईवडील किंवा जोडीदार गेल्यावर ज्यांचं मन सावरत नाही अशांसाठी बारा सेशन्सची थेरपी बसवली. तुम्हालाही बाराच सेशन्स दिली आहेत, तो आकडा बहुधा अशाच परंपरेतून आला असेल. या मंडळींनी सेशन्सची व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज परत परत पाहिली. बोलता बोलता माणसाचा आवाज कुठे सपाट होतो, चेहरा कुठे बदलतो, बोलण्याचा वेग कुठे वाढतो, ते टिपलं. १९७९च्या सुमारास होरोविट्झ यांनी मांडलं की, माणूस ठरावीक, ओळखता येतील अशा काही मनःस्थितींमधून ये-जा करत असतो, आणि थेरपीत काय बदललं हे पाहायचं तर ही ये-जा पाहायला हवी. नुसतं ‘दुःख कमी झालं का’ एवढं विचारून भागत नाही.

ढोबळमानाने त्यांनी चार प्रकार केले, आणि चारही तुमच्या पत्रात आहेत.

तेराव्यापर्यंतची सगळी कामं उरकणारी, भावना पार आवळून धरलेली तुम्ही, हा एक. पार्किंगमध्ये आणि वॉशरूममध्ये बांध फुटतो, तो दुसरा. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, हा तिसरा. त्यात आतलं बाहेर येऊ पाहत असतं आणि त्याच क्षणी त्याला कुणीतरी आत ओढत असतं. तुम्हाला त्या हसण्याची लाज वाटतेय हे पत्रावरून कळतं, पण त्यात वेडसर किंवा निर्दय असं काहीही नाही. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक लोकांना मी तसं हसताना पाहिलंय, आणि बहुतेकदा त्याच वेळी ते अगदी महत्त्वाचं काहीतरी सांगण्याच्या बेतात असतात.

चौथी मनःस्थिती तुम्ही एका ओळीत उरकली आहे. रविवारी लेकीला सायकलची गोष्ट सांगताना रडू आलं, तरी तुम्ही सांगत राहिलात, आणि मग चहा टाकलात. मी ती ओळ परत परत वाचली. रडणं आलं, पण त्याने तुम्हाला ओढून नेलं नाही. ते दाबायला तुम्ही उठून आतही गेला नाहीत. अण्णांची आठवण, अश्रू, समोर बसलेली लेक, तिघांना एकाच वेळी जागा होती. पाच महिन्यांपूर्वी हे तुम्हाला जमलं असतं का? मला वाटत नाही. त्या वेळी तुमच्याकडे दोनच जागा होत्या, काउंटर नाहीतर वॉशरूम. म्हणून विचारता आहात तर सांगते, तुमचं बिघडत नाहीये. आवळून धरलेलं सैल होतंय, आणि सैल होताना आधी मधल्या दोन मनःस्थिती वाढतात. घरातल्यांना त्याच तेवढ्या दिसतात.

सैल होताना प्रमाण सांभाळावं लागतं, हे मात्र खरं. कोयनेतून पाणी किती क्युसेकनं सोडायचं यावर सांगलीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. थेरपिस्टचं निम्मं कौशल्य तिथेच असतं. माणूस अगदी बधिर होऊन बोलत असेल तर त्याला त्या प्रसंगाच्या जवळ न्यायचं, आणि वाहून जायला लागला तर थांबवून, एकेक तुकडा हातात घ्यायचा. एका बाईंचं सांगते. नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलता बोलता त्या एकदम विम्याच्या कागदांवर घसरायच्या. आवाज कोरडा व्हायचा, हात ओढणीची घडी सरळ करू लागायचे. मी एवढंच विचारायची, ‘आत्ता, या क्षणी, काय झालं?’ पुढेपुढे त्या स्वतःच बोलता बोलता थांबायच्या आणि म्हणायच्या, ‘बघा, परत फाइल काढली मी.’ आपण कुठून कुठे सरकलो हे त्यांचं त्यांना दिसायला लागलं, आणि तिथून पुढे त्या झपाट्याने सावरल्या.

तुमच्या बाबतीत असं एका मनःस्थितीतून दुसरीत सरकणं ‘रविवारी येते, अण्णा’ या वाक्यापाशी होत असावं. पत्रावरून मी फक्त अंदाज करू शकते, पटला तरच घ्या. त्या वाक्यापाशी गेलं की तुम्ही ‘हाक मारल्यावर न आलेली मुलगी’ होता. ते सोसत नाही. मग राग येतो, पण तो अण्णांवर काढायचा कसा? म्हणून भावावर निघतो. भाऊ सोडून थोडासा अण्णांवर आला की लाज वाटते, आणि लाज वाटली की परत काउंटरवरच्या त्या कडक बाई. हा फेरा तुम्ही रोज घालताय. त्यात एक वाक्य राहून गेलंय असं मला वाटतं : ‘अण्णा, छातीत दुखतंय एवढं म्हणाला असतात, तर क्लोजिंग टाकून आले असते.’ हे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. वडिलांवर माया असणं आणि त्यांनी दुखणं लपवल्याचा राग येणं, दोन्ही एकाच लेकीच्या मनात राहू शकतं.

तुमच्या थेरपिस्ट ‘तुमची चूक नाही’ असं का म्हणत नाहीत? घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी हे तुम्हाला शंभरदा सांगितलं असणार आणि ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसणार. त्या बहुधा वाट पाहतायत, तुम्ही तो फोन पूर्ण पाहावा म्हणून. पण त्यांच्या गप्प राहण्याचा तुम्हाला त्रास होतोय हे त्यांना कळायलाच हवं. अण्णांनी काही बोलून दाखवलं नाही याचा तुम्हाला राग आहे, आणि आता तुम्हीही थेरपिस्टना बोलून दाखवत नाही आहात. पत्र वाचून दाखवा म्हटलं ते त्यासाठी.

एक काम करा. छोटी वही घ्या आणि आपल्या या मनःस्थितींना आपल्या भाषेत नावं द्या. ‘काउंटर’, ‘पार्किंग’, ‘सायकल’, काहीही चालेल. दिवसातून एकदा लिहा : आज कुठे होते, तिथे जायच्या आधी काय घडलं, परत यायला किती वेळ लागला. होरोविट्झ यांच्याच गटाने १९७९ साली १५ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली होती. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दल दोन गोष्टी विचारतात, नको असताना आठवणी घुसतात का, आणि तुम्ही त्या टाळता का. दोन्ही एकाच माणसात, एकाच आठवड्यात सापडतात. तुमच्या वहीतही सापडतील. परत यायला लागणारा वेळ कमी होतोय का, तेवढ्यावर लक्ष ठेवा. पार्किंगमधलं रडणं पुढेही काही वेळा येईल. पूर्वी त्यात अख्खी दुपार जात असेल आणि आता वीस मिनिटांत तुम्ही स्कूटर सुरू करू शकत असाल, तर थेरपी तिचं काम करतेय.

आता हे नीट वाचा. थेरपीत येणारा प्रत्येक वाईट आठवडा चांगल्याची खूण असतो असं मी म्हणत नाहीये. काही माणसं थेरपीत खरोखर खालावतात. अभ्यासांमधून साधारण ५ ते १० टक्के असा अंदाज पुन्हा पुन्हा पुढे आलाय. दोन आठवडे झोप आणि जेवण सुटलं, कामावर जाणंच बंद झालं, रविवारसारखा एकही क्षण अधूनमधून येत नाही, जगणं नकोसं वाटतं, मरणाचे विचार येतात, यातलं काहीही असेल तर पुढच्या गुरुवारची वाट पाहू नका. थेरपिस्टला त्याच दिवशी फोन करा, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि थेरपिस्टला त्रास सांगितल्यावर त्यांनी तो उडवून लावला, तर थेरपिस्ट बदलायला संकोच करू नका.

तुमच्या मिस्टरांसाठी दोन ओळी. ‘आधी बरी होतीस’ असं ते म्हणतात, कारण आधी त्यांना घाबरायची वेळ आली नव्हती. त्यांना काम द्या. गुरुवारी संध्याकाळचा स्वयंपाक आणि लेकीचा अभ्यास त्यांच्याकडे. काय झालं, काय म्हणाल्या, असं त्या दिवशी विचारायचं नाही. जवळ बसायचं.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत. मूळचा लातूरचा. डिप्रेशनसाठी ऑनलाइन सीबीटी (आपले विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) घेतोय, दहा सेशन्सचं पॅकेज आहे. तीन सेशन्स कंटाळवाणी गेली. चौथ्यात मॅनेजरच्या मेसेजवर बोललो. मी एवढा मोठा रिपोर्ट पाठवला की तो फक्त ‘ओके’ लिहितो, आणि मी दिवसभर समजून चालतो की याने मला नालायक ठरवलं. थेरपिस्टने विचारलं, तो बाकीच्यांना काय लिहितो? बघितलं तर सगळ्यांनाच ‘ओके’! त्या आठवड्यात डोक्यावरचं ओझंच उतरलं. सकाळी उठावंसं वाटलं, महिन्यांनी मित्रांना फोन केले. आता भीती वाटते की हे खरं आहे का. आणि घरचे म्हणतात, बरा झालास ना, मग उरलेले पैसे कशाला घालवतोस?

उत्तर : खरं आहे. फार आनंद झाला पत्र वाचून.

तुमच्यासारखा अनुभव पुष्कळांना येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या टोनी टँग आणि रॉबर्ट डेरुबाइस यांनी १९९९ साली सीबीटी घेणाऱ्या रुग्णांचे डिप्रेशनच्या मोजपट्टीवरचे गुण सेशनगणिक तपासले. सुधारणा हळूहळू, सरळ रेषेत होत असेल असं आपण धरून चालतो. त्यांना दिसलं की, जवळजवळ ४० टक्के लोकांमध्ये एका सेशनपासून पुढच्या सेशनपर्यंत मोठी उडी आहे. उडीच्या आधीचं सेशन त्यांनी तपासलं, तेव्हा त्यात रुग्णाच्या पक्क्या समजुती हलल्याच्या खुणा इतर सेशन्सपेक्षा जास्त सापडल्या. तुमचं ‘ओके’चं सेशन अगदी असंच आहे. थेरपिस्टने तुम्हाला धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. इतरांचे मेसेज बघायला लावले. एक समजूत पुराव्यासमोर उभी केली आणि ती टिकली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना ओळखीची आहे. तिच्यातही हाच आग्रह असतो, की मॅनेजरचा मेसेज आणि आपलं दिवसभराचं दुःख यांच्यामध्ये आपण स्वतः एक विचार घातलेला असतो, तो पकडा.

पण म्हणून सहा सेशन्स सोडून देऊ नका. काहींची ही उडी पुढे मागे फिरते. मॅनेजरचं ‘ओके’ कळलं, पण ज्या सवयीने तुम्ही त्याचा अर्थ ‘नालायक’ असा लावलात, ती सवय एका मेसेजपुरती नसते. ती लातूरला घरी फोन करताना असेल, पगारवाढीच्या मीटिंगमध्ये असेल, स्थळ बघताना तर नक्कीच डोकं वर काढेल. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केनेथ हॉवर्ड यांनी १९८६ साली सुमारे २,४०० रुग्णांची माहिती एकत्र केली. आठ सेशन्सपर्यंत साधारण निम्म्या लोकांना मोजता येईल इतका फरक पडलेला होता, आणि २६ सेशन्सपर्यंत सुमारे ७५ टक्क्यांना. पुढे त्यांनी असंही मांडलं की, आधी उमेद परत येते, मग लक्षणं कमी होतात आणि काम, नाती, रोजचं जगणं हे सगळ्यात शेवटी सावरतं. तुमची उमेद आली आहे. रात्रीची झोप कशी आहे, ऑफिसात एखाद्याला ‘हे मला जमणार नाही’ म्हणता येतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पाचव्या सेशनमध्ये थेरपिस्टला सांगा की, चौथ्यात नेमकं काय घडलं ते आपण दोघं मिळून लिहून काढू. ‘बरं वाटलं’ एवढं लिहून ठेवलंत तर वाईट आठवड्यात त्याचा काही उपयोग होणार नाही. ‘मी काय धरून चाललो होतो, काय तपासलं, काय निघालं’ असं लिहा. पैशांचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका करत नाही. दर आठवड्याला परवडत नसेल तर सेशन्स पंधरा दिवसांनी घ्या. बहुतेक थेरपिस्ट याला तयार होतात, आणि मध्ये जास्त दिवस मिळाल्याने शिकलेलं स्वतः वापरून बघता येतं. घरच्यांना सांगा, ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पुरा करतात तसं आहे हे. त्यांना पटेल.

प्रश्न : वय ६१, डोंबिवली. मुलगा बायको-मुलांसह कॅनडाला स्थायिक झाला तेव्हापासून मन लागत नव्हतं, चिडचिड वाढली होती. पत्नीच्या आग्रहाने थेरपी घेतली. बारा सेशन्स, दहा झाली. खूपच फरक पडला होता. आता शेवटची दोन उरलीत तर झोप पुन्हा गेली, आणि त्या बाईंचा उगाच राग येतो. वेळेच्या हिशोबानं वागतात असं वाटतं. शेवटच्या सेशनला जाऊच नये असा विचार आहे. तसंही आता काय बोलायचं राहिलंय? मुलगा गेला त्या रात्रीही मी विमानतळावर गेलो नव्हतो, गुडघा दुखतोय म्हणून घरीच थांबलो. आणखी सेशन्स मागावीत, की आता बंद करावं?

उत्तर : काका, तुम्ही जा. शेवटच्या सेशनला नक्की जा.

बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ जेम्स मान यांनी १९७३ साली बारा सेशन्सची जी पद्धत मांडली, तिच्यात शेवटची तारीख सुरुवातीलाच ठरवून सांगितलेली असते. सुरुवातीच्या भेटींत माणूस उत्साहात असतो, मध्ये त्याचा हिरमोड होतो, आणि शेवटाकडे जुनं दुखणं परत वर येतं. कारण आता इथेही निरोप घ्यायचा असतो. मान यांच्या मते खरं काम तिथेच होतं, आणि माझाही अनुभव तसाच आहे. झोप जाणं, त्या बाईंचा राग येणं याचा अर्थ दहा सेशन्स वाया गेली असा घेऊ नका. तारीख जवळ आली तसं तुमचं मन पुन्हा त्या विमानतळाच्या रात्रीत गेलंय. त्या रात्री गुडघा दुखत असेलही, पण निरोपाच्या वेळी घरी थांबणं ही तुमच्या मनाची जुनी वाट दिसते. ‘आता काय बोलायचं राहिलंय’ हेही त्याच वाटेवरचं वाक्य आहे.

म्हणून अकराव्या सेशनमध्ये दुसरं काही बोलू नका. त्यांना सांगा : मला तुमचा राग येतोय, मला हे संपायला नकोय, आणि मी मुलाला सोडायला गेलो नव्हतो. बोलताना रडू आलं तर येऊ द्या. या वयात काय रडायचं, असं मनात येईल, तेही त्यांना सांगा. बाराव्याला वेळेवर जा, पूर्ण वेळ बसा, उठताना त्यांना नमस्कार करा, आभार माना, वाईट वाटत असेल तर तेही म्हणा.

आणखी सेशन्स आत्ता मागू नका. मागितलीत तर निरोप पुन्हा पुढे जाईल. तीन महिन्यांनी एकदा भेटता येईल का, एवढं मात्र जरूर विचारा. बरेच थेरपिस्ट अशी भेट ठेवतात. मधल्या काळात जगणं नकोसं वाटण्यापर्यंत मजल गेली, तर पहिल्या उत्तरात दिलेला नंबर तुमच्यासाठीही आहे.

मुलाला फोन कराल तेव्हा त्या रात्रीबद्दल बोलायचं की नाही, ते बाराव्या सेशननंतर ठरवा. बोलावंसं वाटलं तर तिकडची सकाळ गाठा. ऑफिसला निघायच्या घाईत तो नसेल अशी, शनिवारची.